'कॉल्ड ऑफ', 'स्ट्रक डाउन', 'डन अवे विथ': लिखित इंग्रजीतले पॅसिव्ह फ्रेजल व्हर्ब

तळटीप (धागाकर्ता)

इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी कुणीतरी कधीतरी बजावलेल्या असतात. एक, पॅसिव्ह व्हॉइस टाळ. दोन, फ्रेजल व्हर्ब (क्रियापद आणि त्याची 'ऑफ', 'अप', 'विथ' अशी शेपटी) बोलताना ठीक, लिहिताना तिथे एकशब्दी भारदस्त क्रियापद घाल. आता कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा. सामना 'कॉल्ड ऑफ', कायदा 'स्ट्रक डाउन', चौकशी समिती 'सेट अप', संशयित 'पिक्ड अप', कर्ज 'रिटन ऑफ'. दोन्ही वर्ज्य गोष्टी एकाच क्रियापदात, आणि त्याही पहिल्या पानावर.

माझं काम इंग्रजी अहवाल आणि भाषांतरं तपासण्याचं. तिथे असं दिसतं की लोक ही रूपं वापरायला बिचकतात आणि वापरलीच तर शेपटी गाळतात. 'द इश्यू वॉज डेल्ट इन द मीटिंग.' 'ऑल क्वेरीज वेअर रिप्लाइड.' पहिल्यातला 'विथ' गेला, दुसऱ्यातला 'टू'. 'विथ' गेल्यावर 'डेल्ट'ला पत्ते वाटण्यापलीकडे फारसा अर्थ उरत नाही.

माझं म्हणणं असं की पॅसिव्ह आणि फ्रेजल व्हर्ब यांचं लिखाणात चांगलं जमतं, आणि त्याला कारण आहे. ॲक्टिव्हमध्ये फ्रेजल व्हर्बची खरी कटकट म्हणजे कर्म कुठे ठेवायचं. 'कॉल ऑफ द मॅच' चालतं, 'कॉल द मॅच ऑफ' चालतं, पण सर्वनाम आलं की फक्त 'कॉल इट ऑफ'. कर्म लांबलचक असेल तर 'ऑफ' वाक्याच्या शेवटी कुठेतरी लोंबकळत राहतो. पॅसिव्हमध्ये कर्म उठून पुढे जातं आणि क्रियापद नि त्याची शेपटी शेजारी शेजारी बसतात. प्रश्नच मिटला. शिवाय सामना कुणी रद्द केला यापेक्षा सामना होणार नाही ही बातमी मोठी असते, त्यामुळे 'बाय अमुक' लिहावंच लागत नाही.

१९९९ साली लाँगमन प्रकाशनाने बोली आणि लिखित इंग्रजीचं एक जाडजूड व्याकरण काढलं. त्यात मोजदाद आहे: अभ्यासकी लेखनात चारातलं साधारण एक क्रियापद पॅसिव्ह, वर्तमानपत्रांत त्याहून कमी, गप्पांमध्ये शंभरात दोनेक. फ्रेजल व्हर्बचं नेमकं उलटं, ते गप्पांत आणि कथा-कादंबऱ्यांत भरपूर, अभ्यासकी लेखनात मोजके. म्हणजे दोन्हींच्या वाटेत जे सापडतात ते निवडून आलेले असतात: कॅरीड आउट, सेट अप, सेट आउट, पॉइंटेड आउट, लेड डाउन, मेड अप ऑफ, टेकन ओव्हर. यांना कुणी 'बोलीतले' म्हणून नाक मुरडू नये.

आपापल्या क्षेत्रात अशी कुठली रूपं रोज लिहावी लागतात आणि कुठे गोंधळ होतो, ते वाचायला आवडेल.

गोदाकाठ

विषय आमच्या वर्गातला. नववी-दहावीला 'चेंज द व्हॉइस' असतं. 'द बॉईज लाफ्ड ॲट हिम' दिलं की अर्ध्या वर्गाचं उत्तर 'ही वॉज लाफ्ड बाय द बॉईज'. 'ॲट' गायब. विचारलं तर सांगतात, "मॅडम, ॲट आणि बाय एकापाठोपाठ कसं येईल?" दोन शब्दयोगी अव्ययं लागून आली की त्यांना चूक वाटते, म्हणून ती 'दुरुस्त' करतात. मी सांगते की आधी क्रियापद पूर्ण करा, 'लाफ्ड ॲट' हे एक क्रियापद आहे. ते संपलं की मगच 'बाय'चा विचार.

एकदा हे बसलं की 'वॉज लुक्ड आफ्टर बाय हर आंट'सुद्धा बसतं. 'वॉज डन अवे विथ बाय द गव्हर्नमेंट' हे व्याकरणाने बरोबर असलं तरी वाचवत नाही. तिथे 'बाय'चा तुकडा सरळ काढून टाकायला सांगते.

दुसरा प्रकार याच्या उलट, जिथे पॅसिव्ह होतच नाही तिथे करायचा. 'द फायर वॉज ब्रोकन आउट.' 'हिज ग्रँडफादर वॉज पास्ड अवे.' 'आय वॉज ग्रोन अप इन सिन्नर.' मला वाटतं याच्या मुळाशी आपलं 'झालं' आहे. निधन झालं, मोठा झाला. 'झालं' दिसलं की मुलांच्या हाताला 'वॉज' येतो. आगीचं एक वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते: आग 'ब्रोक आउट', आणि मग ती 'वॉज पुट आउट'. आग आपली आपण लागते, विझवावी मात्र कुणीतरी लागते. तसंच 'ग्र्यू अप' आणि 'वॉज ब्रॉट अप'. मूल स्वतः वाढतं, त्याला वाढवतं दुसरं कुणी.

शंकासुर

सगळं ठीक, पण इतकी उस्तवार कशाला? 'कॅन्सल्ड', 'पोस्टपोन्ड', 'अबॉलिश्ड', 'रिजेक्टेड' लिहावं आणि मोकळं व्हावं. शेपटी नाही की गळायची भीती नाही.

तळटीप

@शंकासुर, 'अबॉलिश्ड'च्या बाबतीत तुमचं पटतं, 'डन अवे विथ'पेक्षा ते कधीही सुटसुटीत. पण प्रत्येक वेळी जोडीदार शब्द सापडतोच असं नाही. 'रन ओव्हर'ला एका शब्दात काय म्हणाल? कुत्रं गाडीखाली आलं, 'द डॉग वॉज रन ओव्हर'. 'हँडेड ओव्हर'साठी 'ट्रान्सफर्ड' घातलं तर आरोपी पोलिसांच्या हवाली केला की त्याची बदली झाली?

आणि मथळ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे 'वॉज'ला जागाच नसते, नुसतं 'टॉक्स पुट ऑफ', 'मॅच कॉल्ड ऑफ'. 'पोस्टपोन्ड'ची जागा घेऊन 'पुट ऑफ' बसतं आणि वर दोन अक्षरं उरतात.

थर्डमॅन

क्रिकेटचं पान तर यांच्यावरच चालतं. रन आउट, बोल्ड आउट, रूल्ड आउट, सेंट इन, रेन्ड ऑफ.

यातला 'रेन्ड ऑफ' मजेदार आहे. 'द मॅच वॉज रेन्ड ऑफ' असं सगळे लिहितात, पण याचा ॲक्टिव्ह करून दाखवा बरं! पावसाने सामना 'रेन्ड ऑफ' केला असं कुणीच लिहीत नाही. जन्मापासून पॅसिव्ह. १३ जून २०१९, ट्रेंट ब्रिज, विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड साखळी सामना, नाणेफेकसुद्धा झाली नाही. अधिकृत शब्द 'अबँडन्ड', पेपरात 'रेन्ड ऑफ' किंवा 'वॉश्ड आउट'.

'बोल्ड आउट'बद्दल एक किडा. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ वर गुंडाळलो गेलो, सगळीकडे 'बोल्ड आउट फॉर थर्टी सिक्स' छापलं. काटेकोरपणे बघायचं तर शमीच्या हाताला चेंडू लागून तो 'रिटायर्ड हर्ट' झाला होता, धावफलकावर ९ बाद ३६. म्हणजे दहावी विकेट पडलीच नाही. दुःख तेवढंच, पण क्रियापद थोडं सैल.

आणि शंकासुर, 'कॉल्ड ऑफ' (रद्द) आणि 'पुट ऑफ' (लांबणीवर) एक नाहीत. २०२१ ची मँचेस्टर कसोटी, मालिकेतली पाचवी. १० सप्टेंबरला सकाळी, खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी 'कॉल्ड ऑफ'. पुढे तीच जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला झाली. म्हणजे त्या दिवशीची बातमी 'कॉल्ड ऑफ' बरोबर, पण आज मागे वळून लिहिताना काही जण 'पुट ऑफ' लिहितात. दोन्ही आपापल्या जागी खरे.

अनुस्वार

अवांतर: धाग्यात कुणी याला 'कर्मणी' म्हटलेलं नाही हे बघून बरं वाटलं. 'रामाने रावण मारला' हा आपला कर्मणी प्रयोग, पण त्यात राम ठणठणीत उभा आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्ता बाजूला होतो. त्याच्या जवळ जाणारं आपलं रूप म्हणजे वर्तमानपत्री 'करण्यात आला', 'फेटाळून लावण्यात आली'. शाळेत दोन्हींची सांगड घालतात आणि मुलं दोन्हीकडे गोंधळतात.

गोदाकाठ

@अनुस्वार +१. शिक्षकही गोंधळतात, हे हळूच नमूद करते.

काळा_डगला

कोर्टात या शेपट्यांवर अक्षरशः अशिलाचं नशीब असतं, म्हणून जरा सविस्तर.

५ मे २०२१ चा मराठा आरक्षणाचा निकाल घ्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी केल्या. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल 'वॉज सेट असाइड' आणि २०१८ च्या कायद्यातली आरक्षण देणारी कलमं 'वेअर स्ट्रक डाउन'. खालच्या कोर्टाचा निकाल किंवा आदेश 'सेट असाइड' होतो, कायदा घटनेच्या कसोटीवर टिकला नाही की 'स्ट्रक डाउन' होतो. बातम्यांत दोन्ही 'रद्द' म्हणून येतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं एकच गोष्ट दोनदा सांगितली.

तिसरं 'रीड डाउन'. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम २४ मार्च २०१५ ला 'स्ट्रक डाउन' झालं, म्हणजे अख्खंच गेलं. पण ६ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड विधानाचं ३७७ कलम 'वॉज रीड डाउन'. कलम तेव्हा पुस्तकात राहिलं, सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध तेवढे त्याच्या कक्षेतून बाहेर काढले. 'स्ट्रक'च्या जागी 'रीड' एवढाच फरक दिसतो, परिणामात जमीन-अस्मानाचा.

'स्ट्रक ऑफ' आणखी वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या २४८ कलमाखाली कंपनीचं नाव रजिस्टरमधून 'इज स्ट्रक ऑफ'. कायदा 'डाउन' जातो, नाव 'ऑफ' जातं.

आणि आता आमच्या धंद्यातलं अजरामर वाक्य: 'द पिटिशन स्टँड्स डिस्पोज्ड ऑफ.' इथे 'ऑफ' एका एफचा. टाइप होताना हटकून दोन एफचा होतो. आपण मराठीत दोन्ही 'ऑफ'च लिहितो, बोलताना दोन्ही सारखेच म्हणतो, मग कळफलकावर बोटाला कुठून कळणार? जुन्या स्टेनोंच्या आदेशांतही पाहिलंय. त्याहून वाईट म्हणजे याचा अर्थ. 'डिस्पोज्ड ऑफ' म्हणजे निकाली काढली. मंजूर झाली की फेटाळली, ते त्यात नाही. कित्येकदा कोर्ट काही निर्देश देऊन याचिका निकाली काढतं आणि याचिकाकर्त्याला हवं ते बरंचसं मिळालेलं असतं. बातमी येते 'याचिका फेटाळली'. फेटाळण्यासाठी 'डिसमिस्ड' असा स्वच्छ शब्द आहे हो.

बटाटेवडा

आरक्षणाचा विषय निघालाच आहे तर त्या निकालानंतर सरकारने जे

व्यवस्थापक

@बटाटेवडा, वरील प्रतिसाद संपादित केला आहे. त्या विषयावर तीन धागे चालू आहेत, तिकडे लिहावे. इथे क्रियापदांबद्दल बोलूया.

शंकासुर

'प्रतिसाद वॉज टेकन डाउन.' जमतंय मला.

मिरजेचा_तंबोरा

काळा डगला यांचा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला. आता आमची बाजू. मी जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मंत्रालयाशी आणि केंद्राशी इंग्रजी पत्रव्यवहार पुष्कळ. आमचं इंग्रजी म्हणजे वीसेक पॅसिव्ह फ्रेजल व्हर्ब आणि मध्ये मध्ये तारखा.

फाइल 'इज पुट अप'. हे आम्ही मराठीतही तसंच म्हणतो, "उद्या फाइल पुट अप करा". इंग्लंडमधल्या माणसाला 'पुट अप' म्हटलं की भिंत उभारणं किंवा पाहुण्याची झोपायची सोय करणं आठवेल, पण इथल्या टिपणीत त्याचा अर्थ एकच: साहेबांपुढे सादर. मग नियम 'ॲज लेड डाउन इन', अभिप्राय 'वेअर कॉल्ड फॉर', विषय 'वॉज टेकन अप विथ द डिपार्टमेंट', पंचनामा 'वॉज ड्रॉन अप', कार्यभार 'वॉज हँडेड ओव्हर'.

तळटीप म्हणतात कर्ता लिहावा लागत नाही. बरोबर, पण आमच्याकडे कर्ता गाळणं ही कला आहे. 'इट वॉज पॉइंटेड आउट दॅट...' कुणी दाखवून दिलं? त्याचं नाव आलं की तो पुढच्या बैठकीला येऊन बसणार. फक्त लेखापरीक्षणवाले याला अपवाद. कॅगच्या अहवालात 'धिस वॉज पॉइंटेड आउट' नंतर हमखास 'इन ऑडिट' आणि पुढे कंसात महिना-वर्ष. त्यांना श्रेय सोडायचं नसतं.

एक आवडतं रूप सांगतो. पाणीपुरवठ्याच्या अहवालांत 'अनअकाउंटेड-फॉर वॉटर' असा शब्द असायचा, म्हणजे टाकीतून निघालेलं पण बिलात न आलेलं पाणी. गळती, चोरी, बंद मीटर, सगळं त्यात. आता त्याला 'नॉन-रेव्हेन्यू वॉटर' म्हणतात. जुना शब्द जास्त खरा होता, हिशेब लागत नाही असं सरळ कबूल करणारा.

तळटीप

@मिरजेचा_तंबोरा काका, 'अनअकाउंटेड-फॉर'वरून आठवलं. 'अकाउंट फॉर', 'कॉल फॉर', 'हिअर ऑफ' यांना ॲक्टिव्हमध्ये 'अन' लागत नाही. 'ही अनकॉल्ड फॉर इट' असं काही नसतं. पॅसिव्ह रूप विशेषणासारखं वापरायला लागलं की मगच 'अन' चिकटतो: अनकॉल्ड-फॉर, अनहर्ड-ऑफ, अनअकाउंटेड-फॉर. म्हणजे हे क्रियापद आणि शेपटी मिळून एक घट्ट शब्द झालेला असतो याचा हा पुरावाच.

परीक्षानळी

प्रयोगशाळेतून हजेरी.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी आमच्या तोंडी बसलेलं वाक्य: 'द व्हॉल्यूम वॉज मेड अप टू द मार्क विथ डिस्टिल्ड वॉटर.' फ्लास्कच्या गळ्यावरच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. इथे 'मेड अप टू' ऐवजी काहीही घातलं तरी रसायनवाल्याला खटकतं, कारण 'आणखी १०० मिलि पाणी घातलं' आणि 'एकूण १०० मिलि केलं' यात तीव्रता बदलते. 'ॲडेड' लिहिलं तर प्रयोग वेगळा होतो.

तसंच 'फिल्टर्ड' आणि 'फिल्टर्ड ऑफ'. 'द सोल्युशन वॉज फिल्टर्ड' म्हणजे द्रावण गाळलं. 'द सॉलिड वॉज फिल्टर्ड ऑफ' म्हणजे गाळून जे वेगळं काढलं ते घन पदार्थ आहे. हा 'ऑफ' गाळला (कोटी नाही, खरंच) तर तुमचं उत्पादन कागदावर राहिलं की खाली फ्लास्कमध्ये, ते वाचणाऱ्याला कळणार नाही. द्रावक 'वॉज डिस्टिल्ड ऑफ', उरलेला चिकटा 'वॉज टेकन अप इन ईथर', म्हणजे ईथरमध्ये विरघळवून घेतला. हे सगळे पॅसिव्हमध्येच भेटतात, कारण कृतीच्या भागात कोण करतंय याला महत्त्व नसतं, पदार्थाचं काय होतंय याला असतं.

बाकी 'नेचर'सारखी नियतकालिकं आता लेखकांना सांगतात की 'वी'ने सुरुवात करा, आम्हाला ॲक्टिव्ह जास्त आवडतो. आमचे गाइड याला तयार नाहीत. त्यांच्या मते 'वी' म्हणजे गर्व. माझं मत मध्ये कुठेतरी: निष्कर्ष मांडताना 'वी', कृती लिहिताना पॅसिव्ह. 'वी मेड अप द व्हॉल्यूम' वाचताना डोळ्यापुढे पाच जण एका फ्लास्कवर वाकलेले येतात.

नोटीसपिरियड

'लेड ऑफ'वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मी मनुष्यबळ विभागात आहे.

आज आयटीतला मुलगा 'आय वॉज लेड ऑफ' लिहितो तेव्हा नोकरी गेली असं सांगत असतो. हा अमेरिकी अर्थ. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात (तो २०२५ पर्यंत लागू होता) 'ले-ऑफ' म्हणजे नोकरी जाणं नव्हतंच. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, यंत्र बिघडलं, माल पडून राहिला, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही पण कामगाराचं नाव हजेरीपटावर आहे, ती अवस्था. त्या काळासाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई असायची. कायमचं काढलं तर त्याला 'रिट्रेंचमेंट' हा वेगळा शब्द आणि वेगळी भरपाई होती.

म्हणजे कारखान्याच्या नोटिशीत 'द वर्कमेन आर लेड ऑफ' असेल तर ते उद्या परत कामावर येऊ शकतात. मेलमध्ये तेच वाक्य आलं तर लॅपटॉप जमा करायचा. पत्राचा मसुदा करताना मी हे क्रियापद टाळतेच.

शंकासुर

याच चालीवर 'रिटन ऑफ' सांगा कुणीतरी. दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं, अमक्या उद्योगपतीचं कर्ज 'रिटन ऑफ' केलं, म्हणजे माफ केलं.

नोटीसपिरियड

नवरा सहकारी बँकेत आहे, त्याला विचारून: 'रिटन ऑफ' म्हणजे निर्लेखित. ताळेबंदातून ते कर्ज बाहेर काढतात, कारण वसुलीची आशा कमी आणि तरतूद आधीच केलेली. कर्जदाराच्या डोक्यावरचं कर्ज तसंच राहतं, वसुली, दावा, जप्ती चालू राहू शकते. माफी म्हणजे 'वेव्ह्ड', जशी २०१७ आणि २०१९ ला राज्यात शेतकऱ्यांची झाली. निर्लेखित कर्जातलं प्रत्यक्षात वसूल किती होतं यावर तो काही बोलला नाही, नुसता हसला.

निळीशाई

लीड्सहून. इथल्या लिखाणात 'लेड ऑफ' कमी, 'मेड रिडंडंट' जास्त. आणि काढणाऱ्याला फार सोज्वळ दिसायचं असेल तर 'वॉज लेट गो', जणू तो दार ठोठावत होता आणि यांनी सोडलं.

दोन भर घालते. इथे डॉक्टरची नोंदणी रद्द झाली की पेपरात 'वॉज स्ट्रक ऑफ' एवढंच येतं, कशावरून ते लिहीतही नाहीत. आणि 'सीन ऑफ' जपून. आपण 'ही वॉज सीन ऑफ ॲट द स्टेशन' लिहितो, निरोप दिला. तो अर्थ इथेही आहे, पण राजकारणाच्या किंवा खेळाच्या पानावर 'द चॅलेंज वॉज सीन ऑफ' म्हणजे आव्हान परतवून लावलं.

शिवाय 'गॉट'. बोलताना सगळे 'ही गॉट किक्ड आउट', 'वी गॉट हेल्ड अप' म्हणतात. अहवालात किंवा अर्जात 'गॉट' आलं की लगेच चप्पल घालून लग्नाला आल्यासारखं दिसतं. लिहिताना 'वॉज'.

काळा_डगला

'हेल्ड अप' निघालंच आहे तर: उच्च न्यायालयाने निकाल 'अपहेल्ड' केला म्हणजे कायम ठेवला. निकाल 'हेल्ड अप' झाला म्हणजे रखडला. एका ज्युनिअरच्या मसुद्यात हे उलटं गेलं होतं. सुदैवाने सीनिअरने आधी वाचलं.

गोदाकाठ

तळटीप, एक विचारायचं राहिलं. 'टेक आफ्टर' आणि 'लुक आफ्टर' दिसायला जुळे. एकाचा पॅसिव्ह होतो, दुसऱ्याचा नाही. मुलांना याचं कारण काय सांगू? मी आजवर पाठ करा म्हणून सोडून दिलंय.

तळटीप

@गोदाकाठ, पाठ करायची फारशी गरज नाही. मी एक प्रश्न विचारतो: ज्याला पुढे आणायचंय त्याला खरंच काही झालं का?

आजीला 'लुक आफ्टर' केलं, म्हणजे तिची काळजी घेतली, तिला काहीतरी मिळालं. म्हणून 'शी वॉज लुक्ड आफ्टर'. मुलगी आईवर गेली, 'टेक्स आफ्टर हर मदर'. यात आईला काय झालं? काहीच नाही. म्हणून पॅसिव्ह नाही. बाजारात जुना मित्र भेटला, 'रॅन इनटू'. मित्राला काही झालं नाही. गाडीने कुत्र्याला 'रॅन ओव्हर' केलं, कुत्र्याला बिचाऱ्याला नक्कीच झालं.

गंमत म्हणजे एकाच क्रियापदाचा एका ठिकाणी होतो, दुसऱ्या ठिकाणी नाही. तक्रार 'वॉज लुक्ड इनटू' उत्तम, कारण चौकशी झाल्यावर तक्रार पहिल्यासारखी राहत नाही. पण खिडकीतून खोलीत डोकावलो तर 'द रूम वॉज लुक्ड इनटू' विचित्र लागतं, खोली होती तशीच आहे. आणि 'स्लीप'सारखं ज्याला कर्मच नसतं तेसुद्धा 'द बेड हॅड बीन स्लेप्ट इन' असं चालतं, कारण चादर चुरगळलेली दिसते. पलंगावर कुणीतरी झोपून गेल्याची खूण आहे, म्हणजे पलंगाला काहीतरी झालंय.

नियम शंभर टक्के नाही. 'ही वॉज लुक्ड अप टू' चालतं, आदर केल्याने त्याला नेमकं काय झालं हे सांगणं कठीण. पण दहावीपुरतं निभावून जाईल.

गोदाकाठ

हे वर्गात वापरणार. पलंगाचं उदाहरण मात्र नववीत घेणार नाही :)

शंकासुर

शेवटचं माझं. मधली छोटी रेघ कुठे द्यायची? 'मेड-अप' की 'मेड अप'? आणि 'सेटअप' कधी जोडून?

तळटीप

नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं तर रेघ: 'अ मेड-अप स्टोरी', 'लेड-ऑफ वर्कर्स', 'अ वॉर्न-आउट टायर'. नामानंतर क्रियापद म्हणून आलं तर दोन सुटे शब्द, रेघ नाही: 'द स्टोरी वॉज मेड अप'. जोडून एक शब्द फक्त नाम असताना: 'सेटअप', 'टेकओव्हर', 'हँडओव्हर'. 'द कमिटी वॉज सेटअप' हे मला आठवड्यातून दोनदा तरी दुरुस्त करावं लागतं. काही नामांना कोश अजून रेघ देतात, 'ले-ऑफ', 'राइट-ऑफ', तिथे आपल्या संस्थेचा कोश कुठला आहे ते बघून तो धरायचा आणि अख्ख्या अहवालात तोच ठेवायचा.

आणि क्रियाविशेषण मध्ये घालायचं झालं तर 'वॉज'नंतर: 'वॉज थरोली लुक्ड इनटू'. 'लुक्ड' आणि 'इनटू' यांच्या मध्ये शक्यतो कुणाला बसवू नका.